आई असली की दिवे लागतात

कॅप्टन वीजबिलाच्या कार्यालयात तक्रार विभागात होते, आणि त्यामुळे इमारतीतल्या सगळ्यांचा असा समज होता की त्यांना विजेतलं कळतं. हा समज त्यांनी कधी खोडून काढला नाही. माणसाला आपल्याबद्दलचे चांगले समज खोडायची सवय नसते. खरं तर त्यांना विजेतलं एवढंच कळत होतं की ती वापरली की बिल येतं. लोक बिल नाचवत येत, "आमच्या घरी एवढी वीज वापरणार कोण?" म्हणून भांडत, आणि कॅप्टन चष्मा कपाळावर चढवून शांतपणे सांगत, "वीज आपली आपण कुठे जात नसते. घरातलंच कुणीतरी वापरतं. घरी जाऊन नीट बघा." ह्या एका वाक्यावर त्यांची आजवरची सगळी नोकरी निभावली होती.

कॅप्टन हे काही त्यांचं नाव नव्हे. ती शिक्षा होती, होडी घेतल्याची. नदीवरचा पूल दुरुस्तीसाठी बंद झाला आणि सगळ्या गावाला अचानक होड्यांचं वेड लागलं, तेव्हा त्यांनीही एका पडदेवाल्याकडून जुनी होडी घेतली. छोटीशी, चार माणसं दाटीवाटीनं बसतील अशी, मागे दोरी ओढून सुरू करायचं इंजिन, वर टपासारखं छप्पर. पडदेवाल्यानं धंद्याला जागून छपराला चारी बाजूंनी फुलाफुलांचे पडदे लावले होते. लांबून बघणाऱ्याला वाटे, कुणाची तरी न्हाणी नदीतून तरंगत चाललीय. कॅप्टन रविवारी तिच्यात बसून काठाकाठानं एक फेरी मारत आणि घरी येऊन हवामानाबद्दल बोलत.

आता काठाकाठानं फिरायला कुणाची ना नव्हती. पण नदीच्या मधल्या खोल धारेतून मोठे मालवाहू तराफे जात, आणि ती धार ओलांडायची असेल तर नदी कार्यालयाचं स्टिकर लागे. पुढे डावीकडे लाल दिवा, उजवीकडे हिरवा, मागे पांढरा, एक भोंगा आणि तळातलं पाणी उपसणारा एक पंप, एवढं सगळं चालू स्थितीत निरीक्षकाला दाखवायचं, की स्टिकर मिळणार. कॅप्टनच्या होडीत हे सगळं होतं. चालू स्थितीत काहीच नव्हतं. आणि मधली धार ओलांडायची वेळ कधी येईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

ती वेळ मावशीमुळे आली. मावशी म्हणजे कॅप्टनच्या आईची धाकटी बहीण. पलीकडच्या काठावर, आपल्या मुलाकडे राहायची. दोघी बहिणी रोज सकाळी फोनवर बोलत, म्हणजे भांडत. भांडणाचा विषय वर्षानुवर्षं एकच, की दोघींत उंच कोण. आई म्हणे मी, मावशी म्हणे मी, आणि हरायची वेळ आली की जिला आधी सुचेल ती फोन ठेवून देई. पूल बंद झाल्यापासून दोघींची गाठ पडली नव्हती. रस्त्यानं वळसा घालून जायचं तर अख्खा दिवस गाडीत, आणि आईला गाडी लागते. साधी वळणावळणाची वाट असली तरी तिचा चेहरा पालेभाजीच्या रंगाचा होतो. पाण्यावर मात्र ती बदकासारखी मजेत असते.

तर सोमवारी सकाळी मावशीनं फोनवर सांगितलं की मुलाची बदली झाली, लांबच्या शहरात. रविवारी सामानाचा ट्रक येणार आणि ती त्यांच्याबरोबर जाणार.

आईनं फोन ठेवला. "शनिवारपर्यंत मला पलीकडे ने," ती कॅप्टनना म्हणाली. "मला तिला बघायची काही हौस नाही. पण उंचीचा निकाल लागला पाहिजे. फोनवर उंची मोजता येत नाही."

एवढं बोलून ती गॅलरीतला दिवा बंद करायला गेली आणि बराच वेळ तिकडेच राहिली. गॅलरीत दिवा नाहीच आहे.

कॅप्टननी दुपारीच नदी कार्यालयात जाऊन गुरुवारची तपासणी ठरवली, आणि संध्याकाळी वायरमनला फोन केला. वायरमन म्हणाला, "साहेब, मी जमिनीवरची कामं करतो. पाण्यात विजेला हात लावायचा नाही असं बायकोनं बजावलंय." मग त्यांनी गाडीच्या इलेक्ट्रिशियनला गाठलं. तो म्हणाला, "गाडी इथं आणून लावा." कॅप्टन म्हणाले, ती होडी आहे. तो म्हणाला, "मग होडी आणून लावा."

वहिनींनी, म्हणजे कॅप्टनच्या बायकोनं, हळूच विचारलं, "अहो, तुम्हाला जमेल का?" प्रश्न काळजीचा होता, पण तो जिन्यात विचारला गेला, आणि जिन्यात समोरच्या घरातले लिफ्टकाका उभे होते. लिफ्टकाका आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करून निवृत्त झालेले. त्यांच्यासमोर "नाही" म्हणणं कॅप्टनना शक्यच नव्हतं.

"न जमायला काय झालं," कॅप्टन म्हणाले. "शेवटी वीजच ना."

"बरोबर," लिफ्टकाका म्हणाले. "आणि होडी म्हणजे तरी काय, आडवी लिफ्ट."

झालं. त्या क्षणापासून होडीची दुरुस्ती ही इमारतीची सार्वजनिक मालमत्ता झाली. दुसऱ्या मजल्यावर शिकवण्या घेणाऱ्या फिजिक्सच्या मॅडमनी निरोप धाडला की आधी सर्किट काढून दाखवा, त्याशिवाय पक्कड हातात घेऊ नका. कॅप्टननी रात्री जेवणानंतर मन लावून सर्किट काढलं, दिव्यांना किरणंबिरणंही काढली. मॅडमनी शिकवणीच्या पोरांदेखत ते लाल पेननं तपासलं आणि दहापैकी चार गुण दिले. त्यातले दोन टापटिपीचे होते.

मंगळवारी रजा टाकून कॅप्टन धक्क्यावर गेले. बरोबर लिफ्टकाका, न बोलावता. डॅशबोर्डची फळी उघडली तर आत वायरींचा गुंता असा, की पडदेवाल्यानं जणू कुणावर सूड उगवला होता. पण कॅप्टन घाबरले नाहीत. ऑफिसात त्यांचं कपाट सगळ्यांत नीट लावलेलं असतं, लाल फायली लालमध्ये, निळ्या निळ्यात. त्यांनी तेच केलं. सगळे जोड सोडले आणि लाल वायर लालला, पिवळी पिवळीला, हिरवी हिरवीला अशी मोठ्या समाधानानं जोडून टाकली. एकही वायर उरली नाही. हिशेब चोख.

फक्त पडदेवाला रंगाबिंगाच्या भानगडीत पडलेला नव्हता. त्याच्याकडे जी वायर उरेल ती तो लावी. पडद्याच्या दुकानातला माणूस रंगसंगतीबाबत इतका बेफिकीर असेल हे कॅप्टनच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्यांनी लाल दिव्याचं बटण दाबलं, तर भोंगा वाजला. दचकून भोंग्याचं बटण दाबलं, तर पंप सुरू झाला आणि तळातलं सगळं गढूळ पाणी काठावर उभ्या असलेल्या लिफ्टकाकांच्या इस्त्रीच्या पँटवर आलं. पंपाच्या बटणावर शेवटी एकदाचा दिवा लागला, पण उजवीकडचा.

लिफ्टकाका पँट पिळत म्हणाले, "लिफ्टमध्ये असं झालं असतं, तर तिसऱ्या मजल्याचं बटण दाबून माणूस गच्चीवर निघाला असता."

मग बुधवारी पुन्हा रजा, पुन्हा फळी. ह्या वेळी वहिनी बरोबर होत्या. एकेक वायर लावायची, काय होतं ते बघायचं आणि तिला चिकटपट्टी लावून त्यावर नाव लिहायचं, ही पद्धत वहिनींची. कॅप्टननी ती दुपारपर्यंत आपली करून टाकली. आणि खरंच, दिवस कलायच्या आत लाल लाल लागला, हिरवा हिरवा, पांढरा पांढरा, भोंगा भोंग्यासारखा वाजला आणि पंपानं पाणी नदीतच टाकलं. पलीकडच्या काठाकडे तोंड करून कॅप्टननी एक भोंगा जास्तीचा वाजवला. मग त्यांनी मेन स्विच बंद केला आणि ऐटीत धक्क्यावर उडी मारली.

हा मेन स्विच म्हणजे सुकाणूखालचं एक काळं गोल बटण. एकाच दिशेला फिरायचं. कट् आवाज आला की बंद, पुन्हा फिरवलं की पुन्हा कट्, म्हणजे चालू. वरची अक्षरं पडदेवाल्याच्या अंगठ्यानं कधीच पुसून टाकलेली. ह्याच्याबद्दल एवढं सांगण्याचं कारण असं, की कॅप्टनचं घराणं हे खात्री करणारं घराणं आहे. ही माणसं कुलूप लावून दोन जिने उतरतात आणि कुलूप ओढून बघायला वर येतात. गॅस बंद आहे का हे एकानं पाहिलं की दुसरा पाहतो. त्यांच्या घरी पाव्हणा आला की त्याला वाटतं, निरोप घेतल्यावर ही माणसं आपल्यालाही एकदा ओढून बघणार.

"माझी शाल राहिली वाटतं," असं म्हणून वहिनी होडीत परत गेल्या, लगेच आल्या, आणि दोघं घरी गेले.

गुरुवारी निरीक्षक आला. सर्दी झालेला, रुमालवाला, कंटाळलेला माणूस. कॅप्टननी मेन स्विच फिरवला, लाल दिव्याचं बटण दाबलं. काही नाही. हिरवा. नाही. स्विच पुन्हा फिरवून बघितला, पुन्हा पुन्हा फिरवला. भोंग्यातून घसा बसलेल्या कोंबड्यासारखा एक आवाज आला आणि तोही मध्येच मेला. बॅटरी पार कोरडी होती.

"नक्की काय दाखवायचं ठरवलं होतं?" निरीक्षकानं विचारलं.

"काल सगळं चालू होतं. बॅटरी आपोआप उतरली."

निरीक्षकानं नाक पुसलं आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "मी तुमच्याकडे आलो होतो एकदा. बिल घेऊन."

कॅप्टननी चष्मा कपाळावर चढवला.

"तुम्हीच म्हणाला होतात," निरीक्षक शांतपणे म्हणाला, "वीज आपली आपण कुठे जात नसते. घरातलंच कुणीतरी वापरतं. नीट बघा." आणि छत्री उचलून, "पुढची तपासणी मंगळवारी."

मंगळवारी मावशी लांबच्या शहरात असणार होती. कॅप्टननी ते सांगितलं. तक्रार विभागात इतकी वर्षं लोकांचं ऐकून घेतलेलं, पण विनवणी करायची वेळ आली तेव्हा त्यांना एकही वाक्य धड येईना. "माझी आई... तिची बहीण... उंचीचं आहे," असं काहीतरी ते बोलले. निरीक्षकाला त्यातलं काय कळलं देव जाणे. तो म्हणाला, "शनिवारी अर्धा दिवस असतो. बाराच्या आत येऊन जाईन. पण ह्या वेळी दिवा लागलेला पाहिजे."

बॅटरी घरी आणून चार्ज करायची होती. लिफ्टकाकांनी लिफ्टच्या दारात हात आडवा धरला. "आम्लाला ह्या लिफ्टमध्ये परवानगी नाही. सांडलं तर तळ खाईल." ते निवृत्त झाले असले तरी लिफ्ट निवृत्त झालेली नव्हती. कॅप्टननी बॅटरी पोटाशी धरून, दर मजल्यावर टेकवत, वर आणली. जिन्यात भेटेल तो कारण सांगू लागला. लिफ्टकाकांचं म्हणणं, करंट पाण्यात गळतोय. "धक्क्याजवळचे मासे बघा, कसे टवटवीत दिसतात." फिजिक्सच्या मॅडम म्हणाल्या, गळती असेल तर गुण कमी करावे लागतील. वहिनींनी फक्त पाण्याचा तांब्या पुढे केला.

दुपारभर बॅटरी गॅलरीत गुणगुणत राहिली. आई तिच्याकडे बघून म्हणाली, "ही तर थेट मावशीसारखी घोरते." आणि संध्याकाळी आईनं हट्ट धरला की मीही येणार, मला बसायला कुठे जमतंय ते आधी बघू दे. लिफ्टकाकांच्या खांद्याचा आधार घेत ती होडीत उतरली आणि पुढच्या बाकावर ऐसपैस बसली. तो बाक म्हणजे एक पेटीच होती, झाकणावर गादी टाकलेली.

"हा बाक छान आहे," ती म्हणाली. "खालून ऊब येते."

कॅप्टन फळीत डोकं घालून बसले होते. त्यांनी "हं" केलं. सगळे दिवे लागले, विझले, पुन्हा लागले. मग कॅप्टननी स्विच बंद केला, वहिनींची शाल नेहमीप्रमाणे विसरली, आणि सगळ्यांत शेवटी, गुडघ्यांना दटावत, आई उतरली.

शुक्रवारी सकाळी ऑफिसला जाताना कॅप्टन भीत भीत धक्क्यावर डोकावले. दिवे टकटकीत. भोंगा खणखणीत. बॅटरीतून थेंबभरही वीज गेलेली नव्हती. का, ते कुणालाच सांगता येईना, त्यामुळे सगळ्यांनी सांगितलं. लिफ्टकाकांनी छातीठोकपणे निष्कर्ष काढला, "आजी होडीत बसल्या की बॅटरी टिकते." मॅडम म्हणाल्या, एका निरीक्षणावर नियम बांधता येत नाही, दुसरं निरीक्षण करा.

दुसरं निरीक्षण त्याच संध्याकाळी झालं. आईचे गुडघे दुखत होते म्हणून ती घरी राहिली. कॅप्टन आणि वहिनी दोघंच गेले, पडदे धुऊन लावले, बाक पुसले, दिवे एकदा लावून बघितले, आणि स्विच बंद करून, शाल घेऊन, परत आले. शनिवारी सकाळी बॅटरी मेलेली होती.

त्या सकाळी कॅप्टन धक्क्यावर पाय सोडून बसले तेव्हा ते कॅप्टन दिसत नव्हते. वीजबिल हातात घेऊन आलेल्या माणसासारखे दिसत होते. घरी आई न्हाऊनमाखून, ठेवणीतले कपडे घालून, बहिणीसाठी बिस्किटांचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. तिला काय सांगायचं हे ते मनात जुळवत होते, आणि प्रत्येक वाक्य "आई" शब्दाच्या पुढे सरकत नव्हतं.

"अहो, लिफ्टकाकांची गाडी," वहिनी एकदम म्हणाल्या.

लिफ्टकाकांकडे एक जुनी गाडी होती. ती ते कव्हर घालून ठेवत, रोज पुसत, आणि कुठेही नेत नसत. तिची बॅटरी मात्र कायम भरलेली. मागायला गेल्यावर काका बराच वेळ गाडीच्या टपावर हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "लिफ्ट अडकली की आम्ही आधी आतल्या माणसाशी बोलायचो. आजींना सांगा, येतोय म्हणून." आणि बॅटरी काढून दिली.

अकराच्या सुमारास बॅटरी बसली, दिवे लागले. लिफ्टकाकांचा सिद्धान्त न जाणो खरा असेल, म्हणून आईलाही आणून पुढच्या बाकावर बसवलं. निरीक्षकाचा पत्ता नव्हता. "तोवर चहा घेऊ," लिफ्टकाका म्हणाले. आई म्हणाली, "मी काही आता उतरायची नाही, चढायला एवढा वेळ लागलाय. माझा चहा इथंच आणा." कॅप्टननी बॅटरी वाचवायला मेन स्विच बंद केला. सगळे धक्क्यावरच्या टपरीकडे निघाले. वहिनी अर्ध्या वाटेवरून परत फिरल्या, "माझी शाल," म्हणाल्या, आणि आल्या.

चहा घेऊन सगळे होडीपाशी आले तेव्हा आई सुखानं डोळे मिटून बसली होती.

"बरं केलंस चालू ठेवलंस ते," ती म्हणाली. "सकाळपासून कंबर धरली होती, छान शेकतेय."

कॅप्टननी कप तिच्या हातात दिला. "काय चालू ठेवलं?"

"हेच, बाकाखालचं. तू बंद केलंस, मग हिनं येऊन चालू केलं. परवाही तसंच केलंत की तुम्ही."

कॅप्टननी आईला हळूच उठवलं, गादी उचलली आणि पेटीचं झाकण उघडलं. आत, तरंगायच्या जाकिटांच्या शेजारी, एक छोटासा पिवळा दिवा निवांतपणे जळत होता. पडदेवाल्यानं हौसेनं लावलेला, पेटीतलं सामान दिसावं म्हणून. मेन स्विच चालू असला की तोही चालू, त्याला वेगळं बटण नव्हतं. झाकण बंद असलं की तो कुणाला दिसणार नाही, रात्रभर एकटाच जळणार आणि बॅटरी पिऊन टाकणार.

कॅप्टननी वहिनींकडे पाहिलं. वहिनी शालीकडे बघू लागल्या.

"तू स्विच फिरवत होतीस?"

"घट्ट करून येत होते," वहिनी म्हणाल्या. "गॅसचं बटण नाही का आपण पुन्हा एकदा आवळत. मला वाटलं, बंद असेल तर अजून बंद होईल."

"मग शाल?"

"तुमच्यासमोर तपासलं तर तुम्हाला वाईट वाटतं ना."

कॅप्टनना रागवायचं होतं, पण राग यायला जागाच कुठे नव्हती. सगळी जागा त्या शालीनं व्यापली होती.

"आणि गुरुवारी?" लिफ्टकाका अजून आपला सिद्धान्त सोडायला तयार नव्हते. "गुरुवारी आजी होत्या, तेव्हा बॅटरी टिकली."

"टिकणारच," आई म्हणाली. "तुम्ही सगळे उतरलात. मी म्हटलं, रात्रभर कशाला वीज जाळायची, कोण बसणार आहे इथं. म्हणून बंद करून आले."

"आई, मग तू बोलली का नाहीस?"

"मी पहिल्याच दिवशी म्हटलं, खालून ऊब येते. तू हं म्हणालास. मला वाटलं तुला माहितीय. तू विजेच्या ऑफिसात आहेस." तिनं चहाचा घोट घेतला. "मला कुणी नीट विचारलं का काही?"

घरातलंच कुणीतरी वापरतं, घरी जाऊन नीट बघा. कॅप्टननी हे वाक्य आजवर हजारो लोकांना ऐकवलं असेल. ते इतकं खरं असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. त्यांनी पक्कड घेतली, त्या पिवळ्या दिव्याची वायर कापली आणि टोकाला चिकटपट्टी लावली.

तेवढ्यात रुमाल नाकाला लावून निरीक्षक आला. कॅप्टननी सगळे दिवे लावले. निरीक्षकानं डोळे बारीक करून पाहिलं. ऊन टळटळीत होतं.

"लागलेत का?"

"लागलेत ना."

"मला दिसत नाहीत. अंधारात दाखवावे लागतात."

"मग संध्याकाळी या."

"अर्धा दिवस आहे. अंधार पडायच्या आत कार्यालय बंद होतं."

"रोजच अंधार पडायच्या आत बंद होत असेल ना?"

"होतं," निरीक्षक म्हणाला. ह्यात काही गैर आहे असं त्याला वाटल्याचं दिसलं नाही.

वहिनींनी शाल काढली. ह्या वेळी तिला खरोखरच काम होतं. होडीच्या नाकावर ती शाल पसरली आणि तिच्याखाली निरीक्षक आणि कॅप्टन, दोघं डोकी घालून ओणवे झाले. बाहेरून फक्त चार पाय दिसत होते. आतून आवाज आला, "लाल. ठीक. हा हिरवाच ना?" "हिरवाच." "ठीक." मग दोघं तसेच, शालीसकट, मागच्या पांढऱ्या दिव्याकडे सरकत गेले. शेजारच्या होडीतला माणूस आपलं जाळं सोडून बघत राहिला. पंपानं पाणी काढलं. भोंगा वाजला तेव्हा निरीक्षकाला एक मोठी शिंक आली आणि त्याचं नाक मोकळं झालं, बहुधा त्या आठवड्यात पहिल्यांदा.

स्टिकर चिकटवता चिकटवता त्यानं विचारलं, "सापडलं का, कोण वापरत होतं?"

"घरातलंच," कॅप्टन म्हणाले.

निरीक्षकानं समजुतीनं मान हलवली. "आमच्याकडेही तसंच निघालं. सासूबाईंचा हीटर. तुमच्याकडे सांगायला यायचं राहून गेलं."

मधली धार ओलांडताना आई पडदा बाजूला धरून बसली होती. बाक आता गार आहे अशी तक्रार तिनं दोनदा केली. पलीकडच्या धक्क्यावर मावशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर केव्हाची येऊन बसलेली. दोघींनी एकमेकींना बघितलं. मावशी म्हणाली, "किती वाळलीस गं." आई म्हणाली, "तू माझ्या वाटणीचंही खाल्लंस ना." आणि मग घर येईपर्यंत दोघींनी एकमेकींचा हात सोडला नाही.

मावशीचं घर खोक्यांनी भरलेलं होतं. भिंतीवर तसबिरी काढल्याच्या जागा तेवढ्या गोऱ्या दिसत होत्या. त्यातल्याच एका भिंतीपाशी दोघी पाठीला पाठ लावून उभ्या राहिल्या. मावशीनं चप्पल घातली होती, ती आईनं काढायला लावली. आईनं अंबाडा उंच बांधला होता, तो मावशीनं सोडायला लावला. दोघींच्या डोक्यांवर कॅप्टननी एक फूटपट्टी आडवी ठेवली. दोघीही इतक्या वाकल्या होत्या की पट्टी कुणाकडे कलते हे पाहायचं तर त्यांना आधी सरळ व्हावं लागलं असतं, आणि ते आता होण्यातलं नव्हतं.

"सारख्या आहात," कॅप्टन म्हणाले.

"असं कसं होईल," दोघी एकदम म्हणाल्या. दोघींनाही निकाल पटला नाही, म्हणजे तो बरोबर असावा.

मग बिस्किटांचा डबा उघडला, आणि दोघी बोलत बसल्या. गुडघ्यांवर, सुनांवर, नव्या शहरातल्या घराला खिडकी कोणत्या बाजूला आहे त्यावर. कॅप्टन मधून मधून घड्याळ बघत होते. वहिनींनी त्यांना नजरेनंच गप्प केलं. निघेपर्यंत ऊन गेलं होतं, आणि धक्क्यावर येईपर्यंत नदी राखाडी झाली होती. मावशी पुन्हा त्या खुर्चीवर बसली. आई होडीत बसली, कॅप्टननी दोरी ओढली, आणि एकेक करून तिन्ही दिवे लावले. अंधारात ते शालीखालच्यापेक्षा फारच चांगले दिसत होते.

अर्ध्या पाण्यात आले असतील, तोच आईचा फोन वाजला.

"दिसतोय," मावशीचा आवाज सगळ्या होडीला ऐकू गेला, कारण ती फोनवर नेहमीच ओरडते. "मागचा पांढरा. दिसतोय अजून."

"मग बघत बस," आई म्हणाली, पण फोन ठेवला नाही. मावशीनंही ठेवला नाही. धार आली, एक तराफा हळूहळू पुढून गेला, त्यानं ह्यांचे दिवे पाहून वाट दिली. फोनवर मावशी सांगत होती, आता लहान झाला, आता फारच लहान झाला, पण आहे.

होडी धक्क्याला लागली. कॅप्टननी दोर बांधला आणि उतरायला हात पुढे केला. आई हलली नाही.

"थांब जरा," ती म्हणाली. "ती अजून बसलीय."

कॅप्टन परत होडीत आले आणि सुकाणूपाशी बसले. वहिनीही बसल्या. फोनमध्ये आता नुसता पलीकडचा वारा ऐकू येत होता. मागचा दिवा काळ्या पाण्यात वेडावाकडा पडला होता. बऱ्याच वेळानं फोनमधून मावशीच्या मुलाचा आवाज आला, आई आता आत चल, गारवा वाढलाय, आणि खुर्ची सरकल्याचा आवाज.

"गेली आत," आई म्हणाली, आणि फोन मिटून उठायला कॅप्टनपुढे हात केला. "चल आता. भूक लागलीय मला."